निजायची वेळ

१९४८ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यात तिशीतला एक माणूस कर्जात बुडालेल्या आपल्या मोठ्या वाड्यात मरणपंथाला लागलेल्या एका रुग्णाची शुश्रूषा करत होता. अंग पुसणे, चादरी बदलणे, भांडे देणे, रात्री दोनदा-तीनदा उठून बघणे, सगळे तो स्वतःच करी. हा माणूस म्हणजे लेनर्ड चेशायर. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानातून शंभर मोहिमा केलेला, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला वैमानिक. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला तेव्हा ब्रिटनचा निरीक्षक म्हणून तो आकाशात होता. युद्ध संपल्यावर माजी सैनिकांची एक वसाहत उभारण्याचा त्याने प्रयत्न केला. तो फसला, माणसे पांगली आणि मागे उरला ‘ल कोर्ट’ नावाचा हा वाडा. वसाहतीत पूर्वी डुकरे सांभाळणारा आर्थर डाइक्स कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात होता आणि इस्पितळाला त्याची खाट रिकामी हवी होती. दुसरी सोय कुठेच होईना, म्हणून चेशायरने त्याला घरी आणले. ऑगस्टमध्ये डाइक्स वारला. तोवर दुसऱ्या रुग्णासाठी कोणी तरी विचारून गेले होते, मग तिसऱ्यासाठी.

त्याच वर्षी, ५ जुलै १९४८ रोजी, ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि नॅशनल असिस्टन्स अ‍ॅक्ट अमलात आला. शतकानुशतकांचा गरिबांचा कायदा आणि त्याची ती निराधारांना कामाला जुंपून ठेवणारी बदनाम ‘वर्कहाउसे’ कागदावर तरी इतिहासजमा झाली. पण विशीतल्या, तिशीतल्या ज्या माणसाला स्नायूंचा आजार आहे, पोलिओ झाला आहे किंवा मणक्याला मार बसला आहे, त्याने कुठे राहायचे? औषधाने तो बरा होणार नव्हता, तेव्हा इस्पितळाला तो नको होता. घरी उचलणारे, धरणारे कोणी नसेल तर घरही बंद. अशी तरुण माणसे मग जुनाट आजारांच्या वॉर्डात ठेवली जात. जुन्या वर्कहाउसांच्याच इमारतींत पाट्या बदलून हे वॉर्ड थाटलेले असत. शेजारच्या खाटांवर शेवटच्या घटका मोजणारी म्हातारी माणसे, आणि मध्ये एखादा सतरा वर्षांचा मुलगा. नव्या कल्याणकारी राज्याने सगळ्यांना पांघरूण घातले, पण ही माणसे त्याबाहेर राहिली.

ल कोर्टची सुरुवातीची वर्षे हलाखीची होती आणि आजच्या कुठल्याही तपासणी अधिकाऱ्याने ती जागा तिथल्या तिथे बंद केली असती. प्रशिक्षित परिचारिका नाहीत, पैसा नाही, छप्पर गळते. पण माणसे कमी पडत असल्यामुळे प्रत्येकाला काही ना काही करावे लागे. ज्याचे हात चालत तो बटाटे सोली, ज्याचे डोके चाले तो हिशेब लिही, बोलता येणारा फोन घेई. तिथे पुढे आलेल्या रहिवाशांनी त्या दिवसांच्या गोष्टी जुन्या माणसांकडून ऐकल्या आणि त्या त्यांना विलक्षण वाटल्या. आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो ही जाणीव त्या गळक्या वाड्यात होती.

मग सुधारणा आली. चेशायरच्या नावामुळे देणग्या वाढल्या, गावोगाव समित्या निघाल्या, १९५४ च्या सुमारास ल कोर्टला खास बांधलेली नवी इमारत मिळाली. रुंद दरवाजे, खुर्चीसाठी उतार, चांगली न्हाणीघरे. त्याबरोबर मेट्रन आली, पाळ्या आल्या, नियम आले. इस्पितळात काम केलेल्या माणसांनी इस्पितळाची शिस्त सोबत आणली, आणि त्यात त्यांचा काही वाईट हेतू होता असे म्हणता येत नाही. रात्रपाळीला माणसे कमी असतात, म्हणून दिवसपाळी संपायच्या आत सर्वांना अंथरुणात घालायचे. हिशेब सरळ होता. फक्त त्याचा परिणाम असा की तिशीतला सुशिक्षित माणूस लहान मुलाच्या वेळेला निजवला जाई आणि छताकडे बघत पडून राही.

या काळात चेशायरचे काम देशाबाहेर गेले आणि त्याचा पहिला मुक्काम होता मुंबई. १९५५ च्या अखेरीस तो भारतात आला आणि परदेशातले पहिले चेशायर होम अंधेरीत ‘बेथलेहेम हाउस’ या नावाने उभे राहिले. पुढे डेहराडूनला ‘राफेल’ हे मोठे केंद्र निघाले. ५ एप्रिल १९५९ रोजी चेशायरचे स्यू रायडरशी लग्नही मुंबईतच, कॅथॉलिक कॅथीड्रलच्या खासगी प्रार्थनागृहात झाले. १९९२ मध्ये तो वारला तेव्हा जवळपास ५० देशांत त्याच्या नावाची घरे होती. इतक्या माणसांच्या डोक्यावर छप्पर देणाऱ्या माणसाचे मोठेपण वादातीत आहे. पण अपंग माणसाला मिळणाऱ्या आधाराचा दर्जा कशावरून ठरवायचा, या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडून आले नाही. ते त्याच्या पहिल्या घरातल्या, चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या एका तरुणाकडून आले.

पॉल हंट १९५६ मध्ये ल कोर्टला आला तेव्हा १९ वर्षांचा होता. स्नायू क्षीण होत जाणारा आजार त्याला लहानपणापासून. किशोरवयाची वर्षे इस्पितळात गेली आणि म्हाताऱ्या रुग्णांनी भरलेला वॉर्ड काय असतो हे त्याने आतून पाहिले होते. त्या मानाने ल कोर्ट म्हणजे मोकळी हवा. तिथे तीस-चाळीस रहिवासी होते, त्यांतले अनेक तरुण, वाचणारे, वाद घालणारे. ‘द चेशायर स्माइल’ नावाचे त्रैमासिक तिथून निघे आणि त्याचे संपादन रहिवासी करत. त्यांनी स्वतःचा चित्रपट विभागही काढला होता. बाहेरून भेटीला आलेल्या पाहुण्यांना हे सगळे फार कौतुकाचे वाटे. इथली माणसे किती आनंदी आहेत, असे ते म्हणत आणि देणगी देऊन जात.

आतले चित्र वेगळे होते. १९६२ च्या आसपास रहिवाशांचा व्यवस्थापनाशी उघड झगडा सुरू झाला. त्यांच्या मागण्या आज वाचताना अंगावर येतात, कारण त्या इतक्या साध्या आहेत. रात्री कधी निजायचे ते आमचे आम्हाला ठरवू द्या. वाटले तर दारूचा एक पेला घेऊ द्या. स्त्री-पुरुषांनी एकमेकांशी कसे वागावे यात नाक खुपसू नका. आवाराबाहेर जाताना दर वेळी वर्दी द्यायला लावू नका. आणि होमचा कारभार पाहणाऱ्या समितीत आमचे प्रतिनिधी घ्या. काही सहृदय कर्मचारी त्यांच्या बाजूने उभे राहिले. समितीत बसणारे लोक आसपासच्या भागातले प्रतिष्ठित होते, निवृत्त अधिकारी, जमीनदारांच्या घरातल्या स्त्रिया. आपण फुकट वेळ देतो, मनापासून देतो, आणि ज्यांच्यासाठी देतो तेच तक्रार करतात, याचा त्यांना खरोखर धक्का बसला असणार. उपकार करणाऱ्याला उपकृताची मागणी नेहमीच उद्धट वाटते, आणि या झगड्याची सगळी कडवट चव त्यातून आली.

झगडा चालू असताना हंटच्या मनात आले की बाहेरच्या कोणी तरी तटस्थपणे अशा संस्थांचा अभ्यास करावा. रहिवाशांनी लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटकडे पत्र धाडले. सरकारी पैसा मिळून काम सुरू व्हायला काही वर्षे गेली. एरिक मिलर आणि जेराल्डिन ग्विन या दोन संशोधकांनी ल कोर्टसह अनेक संस्था पाहिल्या आणि १९७२ मध्ये ‘अ लाइफ अपार्ट’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांची मांडणी अशी होती. अशा संस्थेत पाऊल ठेवणारा माणूस समाजाच्या लेखी मेलेलाच असतो. समाजाने मारल्यापासून शरीराने मरेपर्यंतच्या मधल्या काळातून त्याला न्यायचे, हे संस्थेचे काम. ते दोन प्रकारांनी होते. एक, गोदामात माल ठेवतात तशी माणसे जपून ठेवायची. दुसरा, रोपांसारखी त्यांची वाढ करू पाहायची. दोन्हींत खोट आहे, म्हणून कारभार अधिक शहाणपणाने करावा, असा त्यांचा सल्ला.

रहिवासी हादरले. ज्यांना त्यांनी साक्षीला बोलावले होते त्यांनी समाजाने दिलेली शिक्षा जशीच्या तशी मान्य केली होती आणि ती जास्त सुबकपणे कशी अमलात आणावी एवढेच सांगितले होते. माणसांना समाजातून हद्दपार करणेच चूक आहे, ते थांबवा, हे वाक्य पुस्तकात नव्हते. हंटने या संशोधकांना परोपजीवी म्हटले. त्याचा तो घणाघाती लेख त्याच्या मृत्यूनंतर, १९८१ मध्ये छापून आला. शब्द जहाल आहे. पण आपल्याच आयुष्याचा पुरावा आपल्याविरुद्ध वापरलेला पाहणाऱ्या माणसाकडून यापेक्षा सौम्य शब्दाची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. तटस्थपणाच्या नावाखाली बलवानाची बाजू घेतली जाते, हा त्याचा आक्षेप आजच्या तपासणी अहवालांनाही लागू पडतो.

१९७० मध्ये हंट ल कोर्टमधून बाहेर पडला. तिथेच काम करणाऱ्या जुडीशी त्याने लग्न केले आणि दोघे लंडनला राहू लागले. २० सप्टेंबर १९७२ च्या ‘गार्डियन’मध्ये त्याचे एक छोटे पत्र आले. तीव्र अपंगत्व असलेल्या माणसांना एकाकी, गैरसोयीच्या संस्थांत टाकले जाते, त्यांचे मत कोणी विचारत नाही, तेव्हा अशा संस्थांच्या आजच्या आणि उद्याच्या रहिवाशांनी एकत्र यावे, असा त्याचा आशय. उत्तरे आली. त्यांतून एक संघटना जन्मली, तिचे इंग्रजी संक्षिप्त नाव ‘यूपियास’. हंटबरोबर तिच्या घडणीत मोठा वाटा होता विक फिंकेलस्टाइनचा. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाविरुद्ध लढून तुरुंगात जाऊन आलेला, चाकाच्या खुर्चीवरचा हा मानसशास्त्रज्ञ. माणसांना वेगळे काढून ठेवणे म्हणजे काय असते हे त्याला कोणी शिकवायला नको होते.

या संघटनेचे बरेचसे काम पोस्टाने चाले. सभासद देशभर विखुरलेले, अनेक जण होममध्येच राहणारे, मेट्रन किंवा समितीच्या रोषाला सहज बळी पडू शकतील असे. म्हणून एकमेकांना धाडलेली परिपत्रके गोपनीय ठेवली जात. अशा कागदांवरच्या चर्चेतून १९७६ पर्यंत एक विचार स्पष्ट झाला. शरीरातली उणीव ही एक गोष्ट आणि त्या उणिवेमुळे समाज जी अडवणूक करतो ती दुसरी गोष्ट. माणूस खऱ्या अर्थाने अपंग होतो तो दुसरीमुळे. पुढे माइक ऑलिव्हर या प्राध्यापकाने याला ‘सामाजिक प्रतिमान’ असे नाव दिले आणि जगभरच्या विद्यापीठांत ते शिकवले जाऊ लागले. हंटला ते पाहायला मिळाले नाही. १९७९ मध्ये, ४२ व्या वर्षी तो गेला.

विचार झाला, पण रात्री अंथरुणावर उचलून ठेवायला माणूस लागतोच. त्याचे काय?

नॉटिंगहॅमशायरमधल्या सटन-इन-अ‍ॅशफील्ड या गावी केन आणि मॅगी डेव्हिस या जोडप्याने एक उत्तर शोधले. दोघांनाही रोजच्या कामांसाठी मदत लागे आणि दोघांनाही होममध्ये जायचे नव्हते. गृहनिर्माण संस्थेच्या मागे लागून त्यांनी ग्रोव्ह रोडवर एक छोटी इमारत उभी करवली. १९७६ मध्ये ती राहती झाली. तळमजल्यावर अपंग कुटुंबांची घरे, वरच्या मजल्यावर इतर कुटुंबांची. वरची मंडळी ठरवून घेतलेली मदत करत, आणि ती काय, केव्हा, कशी करायची हे खालची मंडळी सांगत. मेट्रन नाही, समिती नाही. आज ज्याला ‘सपोर्टेड लिव्हिंग’ म्हणतात त्याचे बी इथे पडले. घर तुमचे, दार तुमचे, मदत दारावर थाप मारून आत येते.

दुसरे उत्तर पुन्हा ल कोर्टमधूनच निघाले, आणि या सगळ्या इतिहासातला सर्वांत हुशारीचा भाग हाच आहे. जॉन इव्हान्स नावाचा मानेच्या मणक्याला इजा झालेला तरुण सत्तरीच्या दशकाच्या शेवटी तिथे राहायला आला. हंटचा वारसा त्या भिंतींत मुरलेला होता. १९७९ मध्ये इव्हान्स आणि त्याच्या काही सोबत्यांनी एक गट केला. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८१ हे अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केले होते, म्हणून त्यांनी आपल्या मोहिमेचे नाव ठेवले ‘प्रोजेक्ट ८१’. त्यांचा मुद्दा होता पैशाचा. प्रत्येक रहिवाशासाठी त्याच्या मूळ गावची स्थानिक परिषद होमला दर आठवड्याला रक्कम भरत होती. तीच रक्कम आमच्या हाती द्या, आम्ही बाहेर घर घेऊ, स्वतः मदतनीस नेमू, असे त्यांनी मांडले.

कायदा आडवा आला. १९४८ चा तोच नॅशनल असिस्टन्स अ‍ॅक्ट. परिषदेने सेवा द्यावी, पण अपंग माणसाच्या हाती रोख पैसे देऊ नयेत, असे त्यात होते. कायदा करणाऱ्यांच्या मनात जुन्या भिक्षेच्या आठवणी ताज्या असाव्यात, म्हणून ती अट. पण तीस वर्षांनी तिचाच तुरुंग झाला. इव्हान्सच्या गटाने त्यातून वाट काढली ती अशी की परिषदेने पैसे पूर्वीसारखेच ल कोर्टला द्यायचे आणि ल कोर्टने ते माणसाला द्यायचे. ज्या संस्थेच्या समितीशी आधीची पिढी भांडली तीच संस्था आता सुटकेचा रस्ता झाली. तिच्या चालकांनी याला हरकत घेतली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

तरीही प्रत्येकाला आपापल्या परिषदेशी वर्षानुवर्षे बोलणी करावी लागली. किती तास मदत लागते याचा तक्ता करा. पहाटे कूस बदलण्यापासून रात्री पाणी देण्यापर्यंत एकेक मिनिट लिहा. चाकाची खुर्ची जाईल असे घर शोधा. जाहिरात द्या, मुलाखती घ्या, पगाराचा आणि रजेचा हिशेब ठेवा. मदतनीस अचानक आला नाही तर काय करायचे ते ठरवा. त्यात चुका होणार, हे गृहीत होते. १९८१ मध्ये इव्हान्स अमेरिकेत बर्कलीला जाऊन आला. तिथे एड रॉबर्ट्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्येच स्वतंत्रपणे राहू पाहणाऱ्या अपंगांचे केंद्र काढले होते. १९८३ मध्ये इव्हान्स ल कोर्ट सोडून स्वतःच्या घरात गेला. पुढच्याच वर्षी त्यांनी हॅम्पशायरमध्ये आपले केंद्र स्थापन केले आणि घर कसे शोधावे, मदतनीस कसा नेमावा, कसा काढावा हे इतरांना शिकवायला घेतले.

पुढचा प्रवास वेगाने झाला. १९८८ मध्ये सरकारने इंडिपेंडंट लिव्हिंग फंड काढला. १९९४ मध्ये अपंगांच्याच राष्ट्रीय संघटनेने गेरी झार्ब आणि पामेला नडाश यांच्याकडून एक अभ्यास करवला. स्वतः पैसे हाताळून नेमलेली मदत ही परिषदेने पुरवलेल्या सेवेपेक्षा सरासरी ३० ते ४० टक्के स्वस्त पडते आणि माणसे तिच्यावर जास्त समाधानी असतात, असे त्यात दिसले. हक्काच्या भाषेने न हललेले मंत्री या आकड्याने हलले. १९९६ मध्ये कायदा झाला आणि १९९७ पासून ब्रिटनमध्ये परिषदा अपंग माणसाच्या हाती थेट पैसे देऊ लागल्या.

बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांना मात्र स्वतःचा पॉल हंट मिळायला फार वेळ लागला. त्यांची हजारोंनी भरलेली मोठमोठी इस्पितळे होती. १९६७ मध्ये कार्डिफच्या इली इस्पितळातल्या मारहाणीच्या आणि चोऱ्यांच्या बातम्या वृत्तपत्रात आल्या. १९६९ मध्ये चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला आणि ही इस्पितळे हळूहळू रिकामी करण्याचे धोरण ठरले. १९८० मध्ये किंग्ज फंड या संस्थेने ‘अ‍ॅन ऑर्डिनरी लाइफ’ ही पुस्तिका काढली. कितीही तीव्र अक्षमता असली तरी माणसाने साध्या गल्लीतल्या साध्या घरात राहावे, हे तिचे म्हणणे. नव्वदीच्या दशकात त्याला सपोर्टेड लिव्हिंगचे रूप आले. भाडेकरार माणसाच्या नावावर आणि मदतीचा करार वेगळा. मदत देणारी संस्था वाईट निघाली तर ती बदलता यावी, घर सोडावे लागू नये. दर्जाची याहून पक्की हमी कुठल्याही तपासणीने देता येत नाही.

पण पाटी बदलून आतले जुनेच ठेवण्याची खोड ब्रिटनमध्ये वर्कहाउसांच्या काळापासून आहे. होमच्या नोंदणीची पाटी काढून तीच इमारत, तेच कर्मचारी, तेच वेळापत्रक ठेवायचे आणि नाव द्यायचे सपोर्टेड लिव्हिंग, असे ठिकठिकाणी झाले. अशा व्यवस्थेत देखभाल सेवांवर लक्ष ठेवणारा नियामक आयोग वैयक्तिक देखभालीच्या सेवेची तपासणी करतो, राहत्या जागेची नाही. घरमालक आणि मदतकर्ता पडद्यामागे एकच असतील तर भाडेकरार हा नुसता कागद उरतो.

आणि सगळ्यांत हादरवणारी घटना घडली ती तर तपासणीच्या यादीतल्या जागी. ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या खासगी इस्पितळात २४ खाटा होत्या, दर माणसामागे आठवड्याला सरासरी ३,५०० पौंड सरकारी पैसा जात होता. ३१ मे २०११ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमाने छुप्या कॅमेऱ्याने टिपलेली मारहाण दाखवली. तिथे काम केलेल्या एका परिचारकाने आधीच नियामक आयोगाला कळवले होते आणि कोणी हललेले नव्हते. ११ कर्मचारी दोषी ठरले, ६ तुरुंगात गेले. अशा जागांतून सर्वांना १ जून २०१४ पर्यंत बाहेर काढू, असे सरकारने वचन दिले. ती तारीख उलटून दशक लोटले तरी इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता किंवा ऑटिझम असलेली सुमारे २,००० माणसे इस्पितळांतच होती. पैसा कमी पडला म्हणून हे झाले असे म्हणता येत नाही. आत काय चालले आहे हे सांगणाऱ्या माणसाचे ऐकायची व्यवस्था तिथे नव्हती.

छळ हा मात्र टोकाचा प्रकार. रोजच्या आयुष्यातली गुणवत्ता फार लहान जागी हरवते, आणि ती जागा ब्रायटनच्या एका पंक बँडने दाखवून दिली. ‘हेवी लोड’ या बँडमधले काही वादक बौद्धिक अक्षमता असलेले होते. पब आणि क्लबमध्ये त्यांचे कार्यक्रम होत, चाहतेही जमत. पण रात्रीचे नऊ वाजले की कार्यक्रम रंगात असताना चाहते एकापाठोपाठ एक उठून जात. त्यांच्याबरोबर आलेल्या मदतनिसांची पाळी दहाला संपे, त्याआधी सर्वांना घरी पोचवून निजवायचे असे. गाणे आवडले नाही म्हणून एकही जण उठत नव्हता. बँडने त्यावर ‘स्टे अप लेट’ नावाची मोहीम काढली. ल कोर्टच्या रहिवाशांनी १९६२ मध्ये केलेली पहिली मागणी चाळीसहून अधिक वर्षांनी, स्वतःच्या नावाचे घर असलेल्या माणसांना पुन्हा करावी लागली. मोहिमेचा परिणाम झाला. काही संस्थांनी पाळ्या बदलल्या. पुढे त्या मोहिमेतून ‘गिग बडीज’ हा उपक्रमही निघाला, ज्यात एकाच प्रकारचे संगीत आवडणारा स्वयंसेवक सोबतीला मिळतो आणि दोघे कार्यक्रमाला जातात.

रात्रीचीच आणखी एक गोष्ट थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. इलेन मॅकडोनाल्ड या स्कॉटिश बॅलेच्या एकेकाळच्या प्रमुख नर्तिका. १९९९ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. मूत्राशयाच्या त्रासामुळे रात्रीत दोन-तीनदा उठावे लागे आणि त्यासाठी रात्री मदतनीस असे. लघवीवर त्यांचा ताबा होता, फक्त उठायला हात हवा होता. लंडनच्या केन्सिंग्टन आणि चेल्सी परिषदेने खर्च वाचवायला मदतनीस काढून घेतला आणि रात्री पॅड वापरा असे सांगितले. वर्षाला सुमारे २२,००० पौंड वाचणार होते. ६ जुलै २०११ रोजी न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी परिषदेच्या बाजूने निकाल दिला. लेडी हेल यांचे एकटीचे मत विरोधात गेले. असा निकाल दिला तर उद्या दिवसाही माणसाला ओल्यात ठेवणे योग्य ठरेल, असा इशारा त्यांनी दिला. २०१४ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने वर्षभराच्या काळापुरता इलेन यांच्या खासगी जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचे मान्य केले आणि १,००० युरोंची भरपाई दिली. बाकी निर्णय तसाच राहिला. ३० जून २०१५ रोजी इंडिपेंडंट लिव्हिंग फंडही बंद झाला आणि त्याच्यावर जगणारे हजारो लोक पुन्हा आपापल्या परिषदांच्या मर्जीवर आले. मिळवलेले हक्क अर्थसंकल्पाच्या एका ओळीने कसे आटतात, ते त्या देशाने पाहिले.

हंट आणि इव्हान्स यांच्या पिढीचा विचार आज आंतरराष्ट्रीय कायद्यात आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या कराराचे १९ वे कलम म्हणते की कुठे आणि कोणाबरोबर राहायचे हे अपंग माणसाने ठरवायचे, विशिष्ट प्रकारच्या जागेत राहण्याची सक्ती त्याच्यावर करायची नाही. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी हा करार स्वीकारला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याच्या पाचव्या कलमात त्याच धर्तीची तरतूद आहे. महाराष्ट्रात कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था सुरू केली तेव्हा चालवणारी व्यक्ती स्वतः चाकाच्या खुर्चीवर होती. त्या संस्थेचे वेगळेपण तिथून सुरू होते. अंधेरीतल्या पहिल्या चेशायर होमला आता सुमारे सात दशके झाली, आणि आपल्याकडे प्रौढ अपंगांसाठीच्या निवासी संस्था वाढत आहेत, वाढाव्या लागणार आहेत. आईवडिलांनंतर आपल्या मुलाचे काय, हा प्रश्न हजारो मराठी घरांत रोज विचारला जातो.

अशा संस्था चालवणाऱ्यांकडे, त्यांच्या विश्वस्तांकडे आणि त्यांना देणगी देणाऱ्या प्रत्येकाकडे म्हणून एक मागणे आहे. तुमच्या व्यवस्थापन समितीत तिथे राहणाऱ्या माणसांना मताच्या अधिकारासह जागा द्या, बोलता न येणाऱ्यांसाठी त्यांनी निवडलेला साथी बसवा, आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत पहिला विषय रात्रपाळीचा ठेवा.